छोट्या कारखान्यात प्रॉडक्शन प्लॅनिंग : सुरुवात नेमकी कुठून करावी?

मुक्ता_श

नमस्कार. बरेच दिवस विचारायचं होतं, कालच्या प्रसंगाने आज लिहायला बसवलं.

आमचा मशिनिंगचा छोटा कारखाना आहे. माणसं ३५, मशीन १४. चार सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या) लेथ, दोन व्हीएमसी (उभं मिलिंग करणारी सीएनसी मशीन), एक सिलिंड्रिकल ग्राइंडर, बाकी साध्या लेथ, ड्रिल आणि कटिंगचा बँडसॉ. जवळजवळ सगळं काम ग्राहकाच्या ड्रॉइंगप्रमाणे, लॉट ५ नगांपासून २०० नगांपर्यंत. काही पार्ट दर महिन्याला येतात, काही वर्षातून एकदा, काही पुन्हा कधीच नाही. प्लॅनिंग म्हणाल तर ते बाबांच्या डोक्यात. कुठला जॉब (म्हणजे एका ऑर्डरचा लॉट) कुठल्या मशीनवर आहे, कोणाला काय सांगितलंय, सगळं तोंडपाठ. २० वर्षं तसं चाललं आणि चांगलं चाललं. पण गेल्या महिन्यात बाबा आठवडाभर आजारी होते, तेव्हा डिस्पॅच निम्म्यावर आलं. तेव्हाच मी घाबरले.

कालचा प्रसंग असा. एका ग्राहकाचे ४० बुश, तारीख उलटून ९ दिवस झालेले. तीन माणसं दोन तास शोधत होती. शेवटी ग्राइंडरच्या मागच्या रॅकमध्ये, सगळ्यात खालच्या कप्प्यात, दुसऱ्याच जॉबच्या ट्रेखाली सापडले. जॉब कार्ड तेलाने भिजून ट्रेच्या तळाला चिकटलेलं. हळूच सोलून काढलं, नोंद वाचली, तर टर्निंग (लेथवरचं काम) १८ दिवसांपूर्वी पूर्ण झालेलं. पुढचं ऑपरेशन ग्राइंडिंग, नगाला ४ मिनिटं. म्हणजे पावणेतीन तासही न लागणाऱ्या कामासाठी तो माल १८ दिवस तिथे पडून होता. कोणी कामचुकारपणा केला असंही नाही. सगळे दिवसभर राबत होते.

प्रश्न असा की आता ईआरपी (कारखान्याचे सगळे व्यवहार एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) घ्यावी का? एका कंपनीचा माणूस डेमो देऊन गेला, स्क्रीनवर सगळं फार सुंदर दिसतं. पण आमच्या आकाराच्या कारखान्यात याची सुरुवात तुम्ही कशी केली, काय फसलं, काय टिकलं, ते ऐकायचं आहे.

नीलिमा

आमच्याकडे फॅब्रिकेशन आहे, पण कहाणी हीच. वाचतेय.

अंकगणित

मुक्ता, सॉफ्टवेअरचं नंतर बोलू. आधी दोन आकडे सांगा. आत्ता या क्षणी फ्लोअरवर किती जॉब उघडे आहेत? म्हणजे मटेरियल कापून झालंय पण डिस्पॅच झालेलं नाही असे. आणि रोज सरासरी किती जॉब पूर्ण होऊन बाहेर पडतात?

क्रमवार

मी अशा सिस्टिम बसवण्याचंच काम करतो, म्हणून थोडं सविस्तर.

ईआरपीच्या पोटात जो प्लॅनिंगचा भाग असतो त्याचं मूळ एमआरपी, म्हणजे मटेरियल रिक्वायरमेंट्स प्लॅनिंग. १९६०च्या दशकात जोसेफ ऑर्लिकी आणि त्यांच्यासारख्या मंडळींनी ते कॉम्प्युटरवर उभं केलं. कल्पना सरळ आहे. तयार मालाची मागणी घ्या, बीओएम (त्याला लागणाऱ्या भागांची यादी) उघडून त्यातला प्रत्येक सुटा भाग काढा, हातात असलेला आणि ऑर्डर केलेला साठा वजा करा, उरलेल्या प्रत्येक गोष्टीचा लीड टाईम (ती मिळायला किंवा बनायला लागणारा काळ) मागे मोजत जा. म्हणजे कुठली वस्तू कुठल्या तारखेला मागवायची किंवा सुरू करायची ते निघतं. ज्यांच्याकडे असेंब्ली आहे, एका प्रॉडक्टमध्ये शंभर-दोनशे पार्ट आहेत, त्यांना हे हाताने करणं अशक्य आहे.

दुसरा फायदा शिस्तीचा. सिस्टिममध्ये जॉब कार्ड काढल्याशिवाय स्टोअरमधून धातूचा बार निघणार नाही असा नियम झाला की अर्धा गोंधळ तिथेच थांबतो. म्हणून माझं मत, घ्या. पण छोट्यातली घ्या आणि सगळी मॉड्यूल एकदम सुरू करू नका.

फोरमनकाका

क्रमवार यांच्या शेवटच्या वाक्याशी सहमत, बाकी नाही.

मी ३१ वर्षं फ्लोअरवर काढली. दोन कारखान्यांत सिस्टिम येताना बघितली. पहिल्या ठिकाणी मालकांनी पूर्ण पॅकेज घेतलं. सहा महिने डेटा भरणं चाललं. बीओएम भरलं, ऑपरेशनचे टाईम भरले, आणि ते टाईम कुठून आले? ऑफिसात बसून अंदाजाने. सिस्टिम म्हणायची हा जॉब बुधवारी व्हीएमसीवर जाणार. बुधवारी त्या मशीनवर आधीच चार जॉब उभे. तिला त्याचं काही नाही! पहिल्या आठवड्यात पोरांनी प्रिंटआउट वाचलं, दुसऱ्या आठवड्यात टूलच्या ट्रॉलीखाली अंथरलं. वर्षभराने सिस्टिम फक्त बिलं काढायला उरली.

पोरी, जो जॉब कुठे आहे हे माणसाला माहीत नाही, तो कॉम्प्युटरला कुठून माहीत असणार? त्याला कोणीतरी सांगावंच लागतं ना.

क्रमवार

काका, बुधवारची गोष्ट तुम्ही अगदी बरोबर पकडली. मूळ एमआरपी मशीनची कॅपॅसिटी अमर्याद धरते आणि लीड टाईम ठरलेला धरते. ३ आठवडे भरले तर ३ आठवडे, मग फ्लोअर रिकामा असो की तुंबलेला. त्यातून एक दुष्टचक्र सुरू होतं. जॉबला उशीर होतो म्हणून प्लॅनर लीड टाईम ३ चा ४ आठवडे करतो. सिस्टिम सगळे जॉब एक आठवडा आधी फ्लोअरवर सोडते. फ्लोअरवर गर्दी वाढते, रांगा वाढतात, उशीर आणखी वाढतो. मग कोणीतरी ४ चे ५ करतो. मी हे डोळ्यांनी पाहिलंय.

पण तो दोष वापरण्यातला. टाईम नीट घेतले असते तर?

फोरमनकाका

नीट घ्यायला वेळ कोणाकडे होता? मालकांना १ तारखेला सिस्टिम चालू हवी होती.

साठा_मोज

डेटाबद्दल एक हिशेब, मी स्टोअर सांभाळते म्हणून. समजा तुमच्या नोंदी ९० टक्के बरोबर आहेत. ऐकायला छान वाटतं. पण एका असेंब्लीला ५ पार्ट लागत असतील तर पाचही नोंदी एकाच वेळी बरोबर असण्याची शक्यता ५९ टक्केच. १० पार्ट असतील तर ३५ टक्के. म्हणजे तीनातल्या दोन वेळा काहीतरी कमी पडणार आणि लोक म्हणणार सिस्टिम खोटं बोलते. म्हणूनच एमआरपी चालवणाऱ्यांमध्ये जुना दंडक आहे, साठ्याच्या नोंदी ९५ टक्के आणि बीओएम ९८ टक्के अचूक हवं.

आम्ही वर्षाअखेरची मोजणी बंद करून रोज १५ आयटम मोजायला लागलो. किमती आणि जास्त हलणारे महिन्यातून एकदा, बाकीचे तिमाहीत, वॉशर-स्क्रू वर्षातून एकदा. फरक निघाला की त्याच दिवशी कारण शोधायचं. बहुतेक वेळा कारण चोरी-बिरी नसतं. बार कापला १२० मिमीचा आणि चलानावर लिहिला ११५, किंवा रिजेक्शनच्या बदली आणखी दोन नग उचलले आणि स्लिप राहिली, असलंच काहीतरी.

मुक्ता_श

सगळ्यांचे मनापासून आभार. अंकगणित, तुमचे आकडे काढायला आज संध्याकाळी शिफ्ट संपल्यावर मी आणि सुपरवायझर वही घेऊन फिरलो. मला वाटत होतं ४०-५० जॉब असतील. निघाले ८४! त्यातले प्रत्यक्ष मशीनवर ११. गेल्या दोन महिन्यांचं डिस्पॅच काढलं तर दिवसाला सरासरी ४ जॉब बाहेर पडतात.

८४ मधल्या १७ जॉबना काहीतरी अडलंय. कुठे ड्रॉइंगचं नवीन रिव्हिजन यायचंय, कुठे गेज (माप तपासायचं साधन) नाही, कुठे फिक्स्चर (नग पकडून ठेवायची चौकट) दुरुस्तीला. तरी मटेरियल कापून ठेवलेलं. कारण विचारलं तर उत्तर आलं, "कटिंगवाला रिकामा होता."

अंकगणित

८४ भागिले ४ म्हणजे २१ कामाचे दिवस. आज तुमच्या फ्लोअरवर शिरलेला जॉब सरासरी २१ कामाच्या दिवसांनी बाहेर पडणार. यासाठी कुठलंही सॉफ्टवेअर लागत नाही. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये हा नियम गणिताने सिद्ध केला: आत असलेले जॉब म्हणजे बाहेर पडण्याचा वेग गुणिले आत राहण्याचा काळ. दुकानातली रांग असो की दवाखान्यातले पेशंट, लांब पल्ल्याच्या सरासरीत तो चुकत नाही.

आता उलटं बघा. दिवसाला ४ हा वेग तसाच राहिला आणि आतले जॉब ४२ वर आणले, तर साडेदहा दिवस. एकही मशीन न घेता. प्रश्न इतकाच उरतो की जॉब कमी केले तर वेग तसाच राहील का. तुमच्या ८४ पैकी फक्त ११ मशीनवर होते, ७३ नुसते उभे. मला वाटतं राहील.

लेथवाला

हे कागदावर ठीक. माझ्याकडे ९ माणसं आहेत. मी मटेरियल सोडलं नाही तर पहिल्या मशीनचा ऑपरेटर हात बांधून बसणार. मशीनचा हप्ता चालू आहे. रिकामं मशीन बघून पोटात गोळा येतो. माफ करा, पण "जॉब सोडू नका" हा सल्ला स्वतःचा पैसा गुंतलेला नसताना देणं सोपं आहे.

अंकगणित

लेथवाला, तुमची काळजी खरी आहे आणि मी ती उडवून लावत नाही. मीही हप्ते फेडलेत.

पण रांगेचं गणित फार कठोर आहे. एक मशीन घ्या, काम कधीही येतं, वेळ कमीजास्त लागतो. मशीन ८० टक्के वेळ व्यस्त असेल तर येणारा जॉब सरासरी स्वतःच्या वेळेच्या ४ पट रांगेत थांबतो. ९० टक्के असेल तर ९ पट. ९५ टक्के असेल तर १९ पट. हे सगळ्यात साध्या मॉडेलचे आकडे आहेत, तुमच्याकडे थोडे वेगळे येतील, पण वळण हेच राहतं. प्रत्येक मशीन पूर्ण भरायचा हट्ट धरला की वेळेवर डिलिव्हरी आपण स्वतःच्या हाताने सोडून देतो.

आणि कटिंगवाल्याने आज जास्त कापलं म्हणून व्हीएमसीमधून आज जास्त माल निघत नाही.

मायक्रोमीटर

हेच! एलियाहू गोल्डरॅट यांनी १९८० च्या दशकात हीच गोष्ट पकडून ड्रम-बफर-रोप ही पद्धत मांडली. कारखान्यातलं सगळ्यात अडणारं मशीन शोधा. ते ज्या गतीने चालतं तो ड्रम. त्याच्यापुढे थोडं काम कायम ठेवा, म्हणजे ते कधी उपाशी राहणार नाही, तो बफर. आणि कटिंगवर नवीन जॉब त्याच गतीने सोडा, ती दोरी. लेथवाला, तुमच्याकडे अडणारं मशीन कुठलं?

लेथवाला

सिलिंड्रिकल ग्राइंडर. त्यावर हात बसलेला एकच माणूस आहे.

मायक्रोमीटर

मग खरं अडणारं मशीन तो माणूस आहे. तो रजेवर गेला की तुमचा कारखाना रजेवर. दुसरा माणूस तयार करायला घ्या, मग सॉफ्टवेअर वगैरे.

लेथवाला

हे लागलं मला. सोमवारपासून दुसऱ्याला त्याच्याजवळ उभा करतो.

रात्रपाळी

मी ऑपरेटर आहे, व्हीएमसी चालवतो. इथे बहुतेक मालक किंवा साहेब लोक दिसतात, म्हणून आमच्या बाजूचं लिहितो.

आमच्याकडे बोर्ड लावला, त्यावर प्रत्येक मशीनचे नग आणि ऑपरेटरचं नाव. नग कमी तर नाव लाल. मग काय होणार? ज्या जॉबचं सेटिंग (मशीन त्या जॉबसाठी लावणं) सोपं आणि नग जास्त, तो सगळे आधी ओढायचे. ५ नगांचा किचकट जॉब कोणी हातच लावेना, तो कोपऱ्यात १५ दिवस. नंतर तोच "टॉप अर्जंट" होऊन रात्री दोन वाजता माझ्याकडे यायचा. लागलेलं सेटिंग मोडा, तो बांधा, मग परत जुनं बांधा. एका रात्रीत तीन तास नुसतं सेटिंग.

नंतर नवीन साहेब आले. त्यांनी नावं काढून टाकली, बोर्डवर फक्त जॉबचा क्रम ठेवला आणि एक रकाना वाढवला, "काय अडलं?" पहिल्या रात्री मी लिहिलं, १० चा एंड मिल संपला, दीड तास थांबलो. सकाळी साहेब स्वतः विचारायला आले आणि दुपारी टूल आलं. त्यानंतर सगळे लिहायला लागले. मुक्ताताई, तुम्ही काहीही बसवा, पण लिहिलेलं कोणीतरी वाचतंय आणि त्यावर काही होतंय हे माणसांना दिसू द्या.

नीलिमा

रात्रपाळी, तुमचा प्रतिसाद मी आमच्या ऑफिसमध्ये मोठ्याने वाचून दाखवला.

फोरमनकाका

शाब्बास रे पोरा. असं लिहिणारे ऑपरेटर मिळायला भाग्य लागतं.

इतिहासवेडा

थोडं अवांतर. बोर्डचा विषय निघालाच आहे तर, गँट चार्ट (कामांचं वेळापत्रक पट्ट्यांनी दाखवणारा तक्ता) हेन्री गँट यांच्या नावाने ओळखला जातो, पण त्यांच्याही आधी, १८९६ मध्ये, कारोल आदामिएत्स्की या पोलिश अभियंत्याने तसाच तक्ता तयार केला होता. त्याचं नाव हार्मोनोग्राम. प्रत्येक कामाची कागदाची वेगळी पट्टी, आणि वेळापत्रक बदललं की पट्ट्या सरकवायच्या. त्यांनी तो १९३१ मध्ये पोलिशमध्ये प्रसिद्ध केला, तोपर्यंत गँट यांचा तक्ता जगभर पोचलेला होता. सव्वाशे वर्षांपूर्वीचा माणूस सरकणाऱ्या पट्ट्यांवर प्लॅनिंग करत होता आणि आपण आज एक्सेलमध्ये ओळी कापून चिकटवतो, याची मला फार गंमत वाटते.

मुक्ता_श

इतिहासवेडा, अवांतर नाही, कामाचं निघालं! सरकवता येणाऱ्या पट्ट्या मला हव्याच होत्या. मी व्हाइटबोर्डवर मार्करने लिहिलं होतं, दुसऱ्या दिवशी सगळं पुसून परत लिहावं लागलं आणि तिसऱ्या दिवशी कोणी लिहिलंच नाही.

विक्रीवाली

मी ऑर्डर घेण्याच्या टोकाला बसते, तिथला प्रश्न मांडते. ग्राहक विचारतो कधी मिळेल. मी प्रॉडक्शनला विचारते, ते म्हणतात बघून सांगतो. ग्राहक फोनवर थांबलेला असतो. मग मी तीन आठवडे सांगून टाकते. हे प्लॅनिंग फ्लोअरपर्यंतच थांबणार असेल तर मी तारखा हवेतूनच देत राहणार.

मायक्रोमीटर

त्यासाठी अडणाऱ्या मशीनचं एकच कॅलेंडर पुरतं. समजा व्हीएमसी दोन पाळ्या चालतं, साडेसात तासांच्या, म्हणजे दिवसाला १५ तास. त्यातले १२ तासच भरायचे, ३ तास ब्रेकडाउन, रिवर्क आणि खऱ्या तातडीसाठी मोकळे. नवीन ऑर्डर आली, तिचं व्हीएमसीवरचं काम १८ तास असेल तर दीड दिवसाची मोकळी जागा कुठे आहे ते बघायचं, त्यापुढे उरलेली ऑपरेशन आणि बाहेरच्या कामाचे दिवस मिळवायचे, ती तारीख. हे तुम्ही ग्राहक फोनवर असतानाच करू शकता. १४ मशीनचं वेळापत्रक करायला जाऊ नका, पहिल्याच सकाळी मोडेल.

विक्रीवाली

आणि साहेबांनी मधेच ओळखीच्या ग्राहकाचा जॉब घुसवला तर?

मायक्रोमीटर

घुसवू दे. पण कॅलेंडरवर कोणाचा जॉब मागे सरकला ते त्यांच्यासमोर दिसलं पाहिजे, आणि त्या ग्राहकाला त्यांनीच फोन करायचा. आमच्याकडे लाल टॅग दोनच छापलेत, लॅमिनेट करून. दोन्ही फ्लोअरवर असतील तर तिसरा जॉब अर्जंट होऊच शकत नाही, आधी एक टॅग परत यायला हवा. पूर्वी आमच्याकडे अर्जंट, टॉप अर्जंट आणि टॉप टॉप अर्जंट असे तीन शिक्के होते आणि साधा जॉब शिल्लकच नव्हता!

क्रमवार

दोन टॅगची कल्पना उत्तम. माझ्या पुढच्या ठिकाणी नक्की वापरणार.

हिशेबी

लॉटच्या आकाराबद्दल कोणी बोललं नाही. आमचे साहेब सूत्राने लॉट काढतात. फोर्ड हॅरिस यांचं १९१३ चं सूत्र, सेटअपचा खर्च आणि साठवणुकीचा खर्च यांचा तोल. सूत्र बरोबर आहे. पण ते सेटअपचा खर्च जसा आहे तसा गृहीत धरतं. जपानी अभियंते शिगेओ शिंगो यांनी त्यावरच हात ठेवला आणि विचारलं, सेटअप इतका लांब का?

साधं उदाहरण. सेटअप ९० मिनिटं, नगाला ३ मिनिटं, लॉट ३० चा. एकूण १८० मिनिटं, नगामागे ६. आता सेटअप ४५ मिनिटांवर आणला तर १५ च्या लॉटलाही ९० मिनिटं लागतात, नगामागे तेच ६. म्हणजे मशीनचा एक मिनिटही न घालवता लॉट निम्मा झाला, आणि मागच्या जॉबला तीनऐवजी दीड तास थांबावं लागलं. आम्ही फक्त एवढंच केलं की टूल, जॉ (नग पकडणारे जबडे), ड्रॉइंग, गेज आणि प्रोग्रॅम हे आधीचा जॉब चालू असतानाच ट्रॉलीवर जमवायचं. पूर्वी मशीन थांबल्यावर ऑपरेटर ॲलन की शोधत फिरायचा.

रात्रपाळी

ॲलन की! एकदम मनातलं बोललात.

साधा_माणूस

कानबान का नाही कोणी सुचवत? टोयोटात ताईची ओनो यांनी सुरू केलं, अमेरिकेतल्या सुपरमार्केटवरून कल्पना घेऊन. शेल्फवरून जेवढं उचललं तेवढंच भरायचं. कार्ड परत आलं की बनवायचं. यापेक्षा सोपं काय?

अंकगणित

मुक्ता यांचे जे पार्ट दर महिन्याला येतात त्यांच्यासाठी जरूर. पण जो पार्ट पुन्हा कधीच येणार नाही त्याचं शेल्फ कसलं भरणार? अशा ठिकाणी कार्ड पार्टला न बांधता जागेला बांधायचं. समजा ५० कार्डं केली. प्रत्येक उघड्या जॉबला एक कार्ड. जॉब डिस्पॅच झाला की कार्ड मोकळं, तेव्हाच पुढचा जॉब सोडायचा. कार्ड नाही तर कटिंग नाही. याला कॉनविप म्हणतात; स्पीअरमन, वुडरफ आणि हॉप यांनी १९९० मध्ये मांडलं. कुठला पार्ट आहे याने फरक पडत नाही, म्हणून छोट्या, दर वेळी नवं काम असणाऱ्या कारखान्याला ते चपखल बसतं.

लेथवाला

हे मला पटलं. बोर्डापेक्षाही पटलं. नियम एकच आहे आणि मोडला तर लगेच दिसतो.

मुक्ता_श

चार आठवड्यांनी परत आलेय. उशीर झाला, पण काहीतरी करून मगच लिहायचं ठरवलं होतं.

आधी बाबांशी बोलले. ते ८४ चा आकडा ऐकून गप्प झाले, मग म्हणाले, "मी साठ धरून चाललो होतो." त्या दिवशी पहिल्यांदा आम्ही दोघांनी मिळून त्यांच्या डोक्यातला क्रम कागदाच्या पट्ट्यांवर उतरवला. अडीच तास लागले. कुठला ग्राहक दोन दिवस चालवून घेतो आणि कुठल्याची लाईन खरंच थांबते, हे त्यांना जे माहीत आहे ते कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये कधी आलं असतं असं मला वाटत नाही.

मग ६० कार्डं केली. थेट ५० वर जायची हिंमत झाली नाही. कटिंगच्या शेजारी खिळ्यांचा बोर्ड आहे, मोकळी कार्डं तिथे टांगलेली. जॉब सोडण्यापूर्वी चार गोष्टी हातात हव्यात: मटेरियल, ताजं ड्रॉइंग, टूल आणि गेज. अडलेले १७ जॉब फ्लोअरवरून उचलून वेगळ्या रॅकमध्ये ठेवले, त्यावर कोणाकडे काय अडलंय ते लिहिलं. ड्रॉइंगवाल्या सात जॉबची रिव्हिजन तीन दिवसांत आली, कारण इतके दिवस ग्राहकाकडे ती कोणी मागितलीच नव्हती!

पहिला आठवडा फार जड गेला. नवीन कटिंग बंद, कटिंगवाला बसून. सुपरवायझर माझ्याकडे असा बघायचा की मी कारखाना बंद करायला निघालेय. लेथवाला, तुमचा पोटातला गोळा मला आठ दिवस होता. मग कटिंगवाल्यालाच सेटअप ट्रॉली भरायचं काम दिलं, हिशेबी यांनी सांगितलं तसं. आता तो म्हणतो हे काम जास्त आवडतं.

आज सकाळी मोजले. फ्लोअरवर ५७. डिस्पॅच पहिल्या आठवड्यात दिवसाला साडेतीनवर आलं होतं, आता परत ४ च्या थोडं वर आहे. उशिरा गेलेले जॉब अजून आहेत, पण आज "तो जॉब कुठे आहे" हा प्रश्न दिवसभरात एकदाच आला आणि उत्तर मिनिटभरात मिळालं. बोर्डवर "काय अडलं?" रकानाही आहे, रात्रपाळी. सगळ्यात जास्त वेळा लिहिलं गेलेलं कारण: प्लेटिंगहून (बाहेर करून घेतो त्या धातूच्या मुलाम्याहून) माल आला नाही.

फोरमनकाका

जीव सुखावला वाचून. तुझ्या बाबांना माझा नमस्कार सांग. आपल्या डोक्यातलं कागदावर काढून द्यायला मन मोठं लागतं.

क्रमवार

अभिनंदन. मग ईआरपीचं काय ठरलं? तुमचा मूळ प्रश्न तोच होता.

मुक्ता_श

डेमोवाल्यांना सहा महिन्यांनी या म्हटलंय. तोपर्यंत प्रत्येक जॉब कार्डावर ऑपरेटर सुरू आणि संपल्याची वेळ लिहितात, ती मी रोज एक्सेलमध्ये भरते. क्रमवार, तुम्ही म्हणता ते खरे टाईम तेव्हा माझ्याकडे असतील. आणि साठा_मोज, रोज १० आयटमची मोजणी सुरू केलीय. पहिल्या दिवशी १० पैकी ४ चुकीचे निघाले.

साठा_मोज

सुरुवातीला एवढे निघतातच. चारही चुकांची कारणं लिहून ठेवा, महिन्याने त्यातली दोनच पुन्हा पुन्हा दिसतील.

मायक्रोमीटर

प्लेटिंगचं एक सुचवतो. बाहेरच्या कामालाही बोर्डवर मशीनसारखी स्वतःची ओळ द्या. माल गेलेली तारीख, कबूल केलेली तारीख, प्रत्यक्ष आलेली तारीख. आणि तुमच्याकडून तिकडे माल कधी जातो तेही बघा. आमचा आठवडाभराचा सगळा माल शनिवारी एकगठ्ठा जायचा आणि आम्ही त्यांना उशिराबद्दल बोलायचो. आता आठवड्यातून तीनदा थोडा थोडा पाठवतो, तर परतही तसाच येतो.

मुक्ता_श

अरे! आमचाही शनिवारीच जातो. गाडी तेव्हा मोकळी असते म्हणून. उद्या ड्रायव्हरशी बोलते, मंगळवार आणि गुरुवारच्या डिस्पॅचच्या फेरीत प्लेटिंगचे ट्रे बसतात का बघते.